मामलेदारांना दिलेला शब्द

पुण्याच्या मंडईला आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला आज एकच नाव आहे, महात्मा फुले मंडई. पुण्याची मंडई 1886 साली सुरू झाली तेव्हा ती रे मार्केट होती. त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं ते नाव. मुंबईची मंडई 1869 सालची, आणि तिला नाव मिळालं आर्थर क्रॉफर्ड यांचं. हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. हे रे आणि हे क्रॉफर्ड 1888 साली पुण्यात एकमेकांसमोर उभे ठाकले. गव्हर्नरने आपल्याच वरिष्ठ महसुली कमिशनरवर लाचखोरीचा आरोप ठेवून त्याला निलंबित केलं, आणि त्या प्रकरणात चिरडले गेले ते मधले मामलेदार. मी ज्या खुर्चीवरून निवृत्त झालो तिला आता तहसीलदाराची खुर्ची म्हणतात. जुनी माणसं अजून मामलेदार कचेरीच म्हणतात. त्यामुळे ही गोष्ट मला माझ्या खात्याची वाटते, आणि ती लिहून ठेवायलाच हवी असंही वाटतं.

त्या काळचा मामलेदार म्हणजे तालुक्याचा मालकच. सारावसुली त्याच्याकडे, तिजोरी त्याच्याकडे, शिवाय फौजदारी अधिकार, म्हणजे तो मॅजिस्ट्रेटही. पगार महिना दीडशे ते अडीचशे रुपयांच्या घरात. एतद्देशीय माणसाला सरकारी नोकरीत मिळू शकणाऱ्या चांगल्या जागांपैकी ही एक, आणि कारकुनीत वीस-वीस वर्षं घासून माणूस तिथवर पोचायचा. त्याची नेमणूक, बढती, बदली यांवर कमिशनरचा हात. मध्य विभागाचा कमिशनर पुण्यात बसायचा आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक, खानदेश एवढा मुलूख त्याच्या सहीने हलायचा.

बदली म्हणजे काय हे महसूल खात्याबाहेरच्या माणसाला नीट कळत नाही. ती कागदावर शिक्षा नसते. सेवापुस्तकात तिच्यापुढे कसलाही ठपका लिहिलेला नसतो. पण मुलाची परीक्षा महिन्यावर आलेली असताना, आई अंथरुणाला खिळलेली असताना, तापाच्या तालुक्यात जाण्याचा हुकूम हातात पडतो तेव्हा ती काय असते ते घरातल्या बायकोला विचारावं. रेल्वे मोजक्या ठिकाणी आणि बाकी सगळा प्रवास बैलगाडीचा, अशा काळात तर हुकूम म्हणजे वनवास. ज्याच्या हातात बदली, त्याच्या हातात माणसाची मान. लाच मागायला त्याला तोंड उघडावं लागत नाही.

क्रॉफर्ड कर्तबगार होता यात शंका नाही. मुंबईच्या रस्त्यांना, गटारांना, बाजारांना त्याने जो आकार दिला तो शहर अजून वापरतं. पण हात सढळ, राहणी राजेशाही आणि डोक्यावर कायम कर्ज. पुण्यात कमिशनर म्हणून आला तेव्हाही सावकार त्याच्या मागे होतेच. या कर्जाच्या वाटेनेच हणमंतराव नावाचा मध्यस्थ त्याच्या जवळ आला. साहेबांना पैशांची नड आहे, अमुक तालुका रिकामा होतोय, तुमचं नाव यादीत वर घेता येईल किंवा खाली जाऊ शकेल, अशी बोलणी हणमंतरावाच्या घरी होत. साहेब स्वतः काही मागत नसत. कुणी दिलं ते कर्जाऊ म्हणून दिलं, कुणी भेट म्हणून दिलं. कुणी चांगला तालुका मिळावा म्हणून दिलं, तर कुणी आहे तो जाऊ नये म्हणून. या शेवटच्या दोघांतला फरक पुढे काहींच्या जिवावर उठला.

हे सगळ्यांना माहीत होतं. दख्खनमध्ये उघड कुजबुज होती, पण कुजबुजीवर खटला उभा राहत नाही. देणारा बोलेल तरच पुरावा, आणि देणारा बोलला की तोही गुन्हेगार. रे सरकारने हा पेच सोडवायला पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमनी यांच्या हाती तपास दिला आणि एक अधिकारही दिला. जो मामलेदार खरं सांगेल त्याला अभय. त्याच्यावर खटला भरला जाणार नाही, आणि नोकरीलाही धक्का लागणार नाही.

हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. माफीचा साक्षीदार आपल्या कोर्टांना नवा नाही. त्याला तुरुंग चुकतो. पण मामलेदाराला तुरुंगाच्या भीतीइतकीच भाकरीची भीती. पन्नाशीला आलेला, दुसरा धंदा न येणारा, ज्याच्या पगारावर गावाकडची दोन-तीन बिऱ्हाडं चालतात असा माणूस. सरकारने त्याची ही नस ओळखली होती, म्हणून तर शब्दात नोकरी घातली. त्या शब्दावर मामलेदार पुढे आले आणि आपापल्या जबान्या देऊन बसले. मी अमुक साली अमुक रक्कम दिली, असं आपल्या तोंडाने आपल्याच नावावर लिहून देणं. अब्रूदार घरातल्या, तालुक्यात ज्याला लोक उठून मुजरा करतात अशा माणसाने. मला त्या खोलीतली ती पहिली सही नेहमी डोळ्यांपुढे येते. टाक दौतीत बुडवलेला, समोर गोरा पोलीस अधिकारी, आणि कागदावर खाली आपलं नाव, बापाचं नाव, हुद्दा.

जुलै 1888 मध्ये क्रॉफर्डला निलंबित केलं. तो वेश बदलून पुण्याहून निसटला आणि मुंबईत पकडला गेला. हणमंतरावावर आधी खटला चालला, त्याला कैदेची शिक्षा झाली. क्रॉफर्डसाठी मात्र कोर्ट नव्हतं. 1850 च्या 37 व्या कायद्याखाली, म्हणजे सरकारी नोकरांच्या चौकशीसाठी केलेल्या कायद्याखाली, कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांचं कमिशन नेमलं गेलं. पुण्यात त्याच्यापुढे एकामागून एक मामलेदार उभे राहिले. क्रॉफर्डच्या वकिलांचा रोख सरळ होता. हे सगळे स्वतः गुन्ह्यात सामील, अभय मिळवण्यासाठी बोलणारे, यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

कमिशनने तोच मुद्दा बराचसा मानला. लाचखोरीचे आरोप सिद्ध होत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. आपल्याच हद्दीतल्या लोकांकडून पैसे उसने घेतले, हा मात्र दोष लागला आणि त्यावर क्रॉफर्डची नोकरी गेली. मुंबई सरकारला हा निष्कर्ष पटला नाही, पण विलायतेहून तोच कायम झाला.

आता चाक उलटं फिरलं. साहेब लाचेच्या आरोपातून सुटला, आणि लाच दिल्याचं कबूल करणारे मामलेदार उघड्यावर पडले. विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी आणि पार्लमेंटातल्या काही सभासदांनी विचारायला सुरुवात केली, की पैसे मोजून जागा घेतल्याचं ज्यांनी स्वतः सांगितलं ते लोक मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर अजून कसे? तिसऱ्या जॉर्जच्या अमदानीतला 1809 चा कायदा शोधून काढला गेला. सरकारी पद विकणारा आणि विकत घेणारा दोघेही त्यात अपात्र ठरत. मग रे साहेबांना असं अभय देण्याचा अधिकारच नव्हता, असं वरून ठरायला लागलं.

हा आक्षेप पोकळ नव्हता. ज्याने खुर्ची विकत घेतली त्याच्यापुढे चोरीचा आरोपी म्हणून उभं राहायचं कुणी आणि का? आणि मामलेदाराने वर दिलेला पैसा त्याच्या पगारातून आला, असं मानायला मी तयार नाही. ज्याने तीस वर्षं तहसील पाहिली तो असं मानूच शकत नाही. तो खालून आला. पाटील-कुलकर्ण्यांमार्फत, पिकाच्या आणेवारीतून, तगाईतून, दाव्यांतून. कचेरीतल्या लाचेचं हे ओझं शेवटी कुणब्याच्या पाठीवर कसं येतं, ते जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये 1883 सालीच, म्हणजे या प्रकरणाच्या पाच वर्षं आधी मांडलं होतं. दोन्ही मंडयांना पुढे त्यांचं नाव मिळालं हे मला योग्य वाटतं. पुण्याच्या मंडईवरच्या खर्चाला त्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना विरोध केला होता, तरीही.

पण हे सगळं मान्य करूनही शब्दाचा प्रश्न उरतोच. सरकारला या माणसांचे डाग शब्द देण्यापूर्वी माहीत होते. डागाळलेले होते म्हणूनच त्यांच्याकडे पुरावा होता. जो कधी हणमंतरावाच्या दारात गेला नाही त्याला तिथे काय चालतं ते काय माहीत? आत असलेलाच आतलं सांगू शकतो, आणि आत असलेला क्वचितच धुतल्या तांदळासारखा असतो. त्याच्याकडून आधी साक्ष घ्यायची आणि नंतर निष्कलंकपणा मागायचा, यात मला उघड अन्याय दिसतो.

पुण्यात हा अन्याय ज्यांनी उचलून धरला त्यांत तेहतीस वर्षांचे टिळक पुढे होते. 1 सप्टेंबर 1889 रोजी पुण्यात जाहीर सभा झाली. टिळकांच्या राजकीय आयुष्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी हे एक. लाच देणं बरोबर होतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळावा, एवढंच. इंग्लंडच्या इतिहासात दाखलाही तयार होता. 1725 साली तिथले लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड यांच्यावर कोर्टातल्या जागा विकल्याचा खटला पार्लमेंटात चालला. जागा विकत घेणारे अधिकारीच साक्षीदार होते. पार्लमेंटाने आधी त्यांना संरक्षण देणारा कायदा केला, मग साक्षी घेतल्या. चॅन्सेलरला तीस हजार पौंडांचा दंड झाला. तिथे कायदा आधी आणि साक्ष नंतर झाली. पुण्यात साक्ष आधी झाली, आणि कायदा करायची वेळ आली तेव्हा साक्षीदारांची गरज संपलेली होती.

टिळक या बाबतीत एक गोष्ट स्वतः भोगून शिकले होते, असं मला वाटतं. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तिथल्या महाराजांचा छळ करतात, असा आरोप केसरी आणि मराठा या पत्रांनी केला होता. त्याला आधार म्हणून जी पत्रं मिळाली ती बनावट निघाली. 1882 साली टिळक आणि आगरकर अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोषी ठरले आणि चार महिन्यांच्या शिक्षेपैकी 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून बाहेर आले. हेतू शुद्ध, तळमळ खरी, पण कागद खोटे. उघड करणाऱ्यावर कागद तपासण्याची जबाबदारी असते, आणि ती फार जड असते. क्रॉफर्ड प्रकरणातल्या मामलेदारांच्या जबान्या त्या मानाने बळकट होत्या. प्रत्येक जण आपलं नाव घालून, आपलंच नुकसान पत्करून बोलत होता. ज्याला खोटं सांगून काही मिळत नाही उलट जातंच, त्याच्या शब्दाला मी वजन देतो. कमिशनने ते पुरेसं दिलं नाही, असं माझं मत आहे.

शेवट अर्धामुर्धा झाला. 1889 मध्येच हिंदुस्थान सरकारने कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून आणि दाव्यांपासून वाचवलं. पण नोकरीच्या शब्दाला चाळणी लावली. दबावाखाली दिलं असं ज्यांच्याबद्दल वाटलं ते राहिले, आणि ज्यांनी राजीखुशीने, बढतीच्या आशेने दिलं असं ठरलं त्यांतल्या काहींना जावं लागलं. म्हणजे जो साक्षीत अधिक मोकळेपणाने बोलला, मला जागा हवी होती म्हणून मी दिले, असं ज्याने सरळ सांगितलं, त्याचंच अधिक बिघडलं. मला भाग पाडलं, असं म्हणणारा तरला. पुढच्या साक्षीदाराने यातून काय धडा घ्यावा? क्रॉफर्ड पुढे विलायतेत राहिला, कोकणातल्या कथांवर आणि आपल्या आठवणींवर पुस्तकं लिहिली, आणि 1911 साली वारला.

असा धडा घेतलेला माणूस मी जवळून पाहिला आहे. मी नायब तहसीलदार होतो, तालुका दुष्काळी, रोजगार हमीची कामं जोरात. रोहयो शाखेत एक कारकून होता. पाझर तलावाच्या एका कामाचे हजेरीपट त्याने खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवले. ओळीने अंगठ्यांचे ठसे होते. नावं वेगळी, गावं वेगळी, पण अंगठा तोच. मधोमध तिरपी एक जुनी चीर, विळा लागल्यासारखी, प्रत्येक ठशात त्याच जागी. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसेना. त्याने रीतसर गोपनीय अर्ज केला, वर नाव-हुद्दा घालून, कारण निनावी अर्जाची दखल घेतली जात नाही हे त्याला माहीत होतं. अर्ज पुढच्या टेबलावर गेला, तिथून चौकशीसाठी खाली आला, आणि ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्याच हातात पडला, पहिल्या पानावरच्या नावासकट. तीन महिन्यांत त्याची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. वर्षभराने दोषारोपपत्र आलं. आरोप काय, तर आधीच्या आठवड्यांच्या मस्टरवर 'तपासले' म्हणून त्याचीच आद्याक्षरं होती. ती होती हे खरंच. रोज शंभर कागद पुढे सरकवणाऱ्या टेबलावर ती प्रत्येकाचीच असतात. माझा जबाब मी लेखी दिला, तो फाइलीत लागला. त्याच्या दोन वेतनवाढी गेल्या. तालुक्यात कुणी पुन्हा हजेरीपट उजेडात धरून पाहिला नाही.

नियम तेव्हाही होते, आता तर पुष्कळ आहेत. सत्येंद्र दुबे हा कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर होता. 2002 साली त्याने कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. पत्र नावासकट खात्यात फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्याचा खून झाला. देशभर संताप उसळल्यावर 2004 साली केंद्र सरकारने ठराव केला, आणि गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाने बंद पाकिटात घ्याव्यात, नाव फुटू देऊ नये, असं ठरलं. आपल्याकडे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांची हत्या झाली. 2014 साली संसदेने जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा स्वतंत्र कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो कधीपासून लागू होईल ते सरकारने राजपत्रात जाहीर करायचं होतं, आणि ती तारीख जाहीरच झाली नाही. मंजूर झालेला कायदा असा दशकभर पडून राहणं मला अक्षम्य वाटतं.

मामलेदारांच्या प्रश्नाची उलटी वाटचाल तर आणखी स्पष्ट दिसते. 1988 च्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात 24 वं कलम होतं. लाच घेणाऱ्याविरुद्धच्या खटल्यात देणाऱ्याने केलेल्या निवेदनावरून देणाऱ्यावर खटला भरायचा नाही, असं ते कलम सांगत होतं. पुण्याच्या मामलेदारांना जे तोंडी मिळालं आणि मग अर्धं काढून घेतलं गेलं, त्यातला खटल्यापुरता भाग इथे आधीच लिहून ठेवलेला होता. 2018 च्या दुरुस्तीत ते कलम गाळलं. आता देणाराही गुन्हेगार. पोलिसांना आधी कळवून देणारा सोडला, तर ज्याला भाग पाडलं आणि ज्याने दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना कळवलं, तोच सुटतो. भाग पाडलेला आणि राजीखुशीने दिलेला ही 1889 ची चाळणी परत आली, वर घड्याळही आलं. सात दिवसांत धीर होतो का? ज्या अधिकाऱ्याच्या हाती पुढची तीन वर्षं आपलं काम अडकलंय त्याच्याविरुद्ध आठवड्यात ठाण्याची पायरी चढणारा माणूस मी तरी कचेरीत फारसा पाहिला नाही. दोन-चार वर्षांनी, मुलं मार्गाला लागल्यावर, साहेब बदलून गेल्यावर माणूस बोलता होतो. तेव्हा त्याने तोंड उघडावं असं, माफीचा साक्षीदार होण्यापलीकडे, फारसं काही आज कायद्यात नाही.

महाराष्ट्राने 2005 साली बदल्यांचा कायदा केला. साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, मुदतीआधी हलवायचं तर कारणं लेखी नोंदवायची. त्याचा उपयोग झाला, माझ्या काही सहकाऱ्यांनी त्याच्या जोरावर न्यायाधिकरणात हुकूम रद्द करून घेतले. पण दक्षता आयोगाचं ते बंद पाकीट केंद्राच्या नोकरांबद्दल आणि केंद्राच्या उपक्रमांबद्दल आहे. तहसीलदार राज्याचा नोकर. 2014 चा कायदा लागू झाला असता तर त्याच्या कचेरीबद्दलची तक्रारही संरक्षणाखाली आली असती. निवृत्तीनंतर नव्या मुला-मुलींच्या प्रशिक्षणात मला कधी बोलावतात, तेव्हा कुणीतरी मधल्या सुट्टीत बाजूला येऊन विचारतंच, सर, लक्षात आलं तर कुणाला सांगायचं? मी त्यांना सांगतो, प्रती काढून घराबाहेर ठेवा, तारीखवार लिहून ठेवा, आपल्या स्वतःच्या सह्या कुठे कुठे आहेत ते सगळ्यात आधी लिहा, आणि अर्ज देण्यापूर्वी वकिलाला दाखवा. सरकार तुमच्या पाठीशी उभं राहील असं मात्र मी त्यांना सांगत नाही, कारण तसं लिहून दिलेला कागद माझ्याकडे नाही.